फण्यावरचा दहाचा आकडा

आमच्या खोलीची मागची भिंत आणि मिलची दगडी भिंत यांच्यामध्ये जेमतेम हातभर रुंदीची घळ होती. तिथं ऊन कधी पोचायचं नाही. तळमजल्यावरच्या सगळ्या मोऱ्यांचं पाणी त्या घळीतल्या गटारात पडायचं आणि गटार कुठं जायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. करी रोडच्या त्या चाळीत आमची खोली शेवटून दुसरी. शेवटची शेवंतामावशीची. मिल चालू होती तोवर साच्यांची, म्हणजे मागांची, थरथर त्या दोन्ही भिंतींमधून आमच्या घरात यायची आणि फळीवरचे पितळेचे पेले एकमेकांना लागून दिवसभर किणकिणत राहायचे. बाबा त्याच मिलमध्ये साचे चालवायचे. मिल बंद पडली ते मला कळलं पेल्यांमुळे. एका सकाळी पेले गप्प होते. आईनं फळीकडे बघितलं, मग बाबांकडे बघितलं, आणि तिनं त्यांच्या पुढ्यात पेजेची वाटी ठेवली.

त्यानंतर घराला एक वेगळीच लय आली. बाबा सुरुवातीला रोज सकाळी गेटापर्यंत जाऊन यायचे. मग आठवड्यातून दोनदा जायला लागले, मग वट्ट्यावर बसून राहू लागले. आईनं लालबागच्या मसाल्याच्या दुकानातून मिरच्या आणायला सुरुवात केली. पोत्यातल्या मिरच्यांची देठं काढून परत द्यायची, असं ते काम होतं. खोलीभर लाल पसारा असायचा. आम्ही सगळे शिंकायचो, डोळे चोळायचो आणि चोळल्यावर आणखी रडायचो. आईच्या तळव्यांची इतकी आग व्हायची की भाकरी थापताना ती मध्येच हात पाण्यात बुडवून बसायची. जेवणात तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी बहुतेक रोजचीच. त्या वासानं मांजरं यायची, पण मांजरांपेक्षा उंदीरच जास्त झाले होते. मिलच्या कापसाच्या गोदामात जन्म काढलेले ते उंदीर आता उपाशी पडून आमच्या चाळीत उतरले होते. मिलच्या आवारात गवत माणसाच्या कमरेएवढं वाढलं होतं. शेवंतामावशी एकदा आपल्या दारात उभी राहून, कोणाकडे न बघता म्हणाली होती, "उंदीर आलेत. आता मागून तोही येणार."

ती कोणाकडे न बघता बोलली, कारण तेव्हा आमच्या आणि तिच्या घरात बोलणं नव्हतं. हे लिहायला मला जड जातं, पण ते वगळून पुढचं सांगता येणार नाही. शेवंतामावशी बौद्ध. परळच्या मोठ्या हॉस्पिटलात ती आयाबाई होती. पहाटे तिच्या खोलीतून वंदनेचा आवाज यायचा आणि मी त्याच आवाजानं जागी व्हायचे. एकदा नळावर तिची कळशी आमच्या भरलेल्या हंड्याला लागली. आईनं हंडा ओतून टाकला, राखेनं घासला आणि पुन्हा रांगेला लावला. शेवंतामावशी फक्त बघत उभी राहिली, हंडा घासून होईपर्यंत. मग आपली कळशी घेऊन गेली. त्या गोष्टीला सहा महिने होऊन गेले होते. शेजारच्या दारात राहायचं आणि एकमेकींशी बोलायचं नाही, हे दोघींनीही निभावलं होतं.

ऑक्टोबरची काहिली चालू होती. शाळेला सुट्टी होती. सकाळी साडेदहाच्या सुमाराला मी भांडी घासायला मोरीत गेले. पाण्याच्या पिंपामागं काहीतरी हललं. मला आधी वाटलं, आईनं पोतं बांधायची दोरी तिथं टाकलीय. मग दोरीनं डोकं उचललं. गव्हाच्या रंगाचा, ओला, चकचकीत नाग होता. त्यानं फणा पुरता काढला नव्हता, नुसता मानेला जरा रुंदावा आला होता. माझ्यापासून तो चार हातांवर असेल. आज विचार करते तेव्हा वाटतं, त्याला माझ्याशी काहीच घेणंदेणं नव्हतं. मोरीच्या भोकातून तो उंदरामागं आला होता आणि त्याच भोकातून परत गेला असता. मी हळूच चार पावलं मागं येऊन दार लोटून घेतलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मी तेरा वर्षांची होते. मी हातातली कढई टाकली आणि "बाबा, साप! बाबा!" असं ओरडत बाहेर पळाले.

दोन मिनिटांत तळमजला आमच्या दारात जमला. शेवंतामावशीची दुसरी पाळी होती, म्हणून ती घरी होती. गर्दीतून पुढं येऊन तिनं आत नजर टाकली आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा आमच्या उंबऱ्याकडे तोंड करून बोलली. "सगळे बाहेर या. पोरांना मागं घ्या. दार ओढून घ्या आणि खालच्या फटीत फडकी कोंबा. मोरीचं भोक उघडं आहे, तो आला तसा जाईल."

बाबांनी ऐकलं, पण ऐकल्यासारखं केलं नाही. ते वट्ट्यावरून उठले होते. किती महिन्यांनी लोक त्यांच्याकडे बघत होते, त्यांच्यासाठी वाट करून देत होते. "शांताराम, तुमी गावचे, तुमका म्हायती," असं आमच्याच गावचा भिवाभाऊ मागून म्हणाला. हा भिवाभाऊ वरच्या मजल्यावर राहायचा आणि प्रत्येक गोष्टीत पुढं असायचा. बाबांनी कपडे वाळत घालायची काठी उचलली. आई म्हणाली, "अहो, ऱ्हवांदे. त्या काय सांगतत ता आयका." बाबांनी तिला हातानं बाजूला केलं. माझ्या बाबांनी आईला असं बाजूला केलेलं मी त्याआधी बघितलं नव्हतं.

आतून चार-पाच फटके ऐकू आले. पिंपावर एक बसला, त्याचा आवाज मोठा होता. मग बाबा बाहेर आले ते काठीवर लोंबकळणारा साप घेऊनच. लोकांनी ओरडा केला. कोणी टाळ्याही वाजवल्या. बाबांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी विसरलेले नाही. मिल बंद झाल्यापासून असा चेहरा त्यांचा झाला नव्हता. त्यांनी साप फरशीवर टाकला. तो हलत नव्हता. पोरं पुढं सरकली, मीही सरकले. शेवंतामावशी म्हणाली, "मेला असला तरी हात लावू नका." कोणाचं लक्ष नव्हतं. बाबा खाली उकिडवे बसले. "ह्यो बघा," ते पोरांना म्हणाले, "ह्याच्या फण्यार धाचो आकडो आसता. दाखवतंय." आणि मानेमागं पकडून त्यांनी अंगठ्यानं तो फणा रुंद करायचा प्रयत्न केला.

सापानं मान वळवली, एवढंच मला दिसलं. खूप सावकाश वळवल्यासारखी वाटली. बाबांनी हात झटकला, साप भिंतीपाशी जाऊन पडला. बाबा हसले. "काय नाय. नखाक लागला." मग त्यांनी अंगठा वर धरला. नखाच्या खाली रक्ताचे दोन थेंब होते.

त्यानंतर जो गोंधळ झाला त्यात सगळेच बोलत होते आणि प्रत्येकाला काहीतरी करायचं होतं. एकानं सुतळी आणली, दंडाला करकचून बांधायला. भिवाभाऊ दाढीचं पान, म्हणजे ब्लेड, आणायला वर धावला. कोणी मिरची चाखायला द्या म्हणालं, तिखट लागली नाही तर विष चढलं म्हणायचं. शेवंतामावशीनं सुतळीवाल्याच्या हातातून सुतळी काढून घेतली. ओढून नव्हे. नुसती घेतली आणि खाली टाकली. "बांधून आणलेले हात मी वॉर्डात बघितलेत," ती म्हणाली. "काळे पडतात. मग कापावे लागतात. कोणी बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही." ती बाबांसमोर खाली बसली आणि तिनं त्यांचा हात आपल्या हातात घेतला. बाबांच्या बोटात चांदीची अंगठी होती. आमच्या मोरीत शिरायला कोणी धजेना, म्हणून तिनं साबण आपल्या खोलीतून आणवला आणि ती अंगठी सोडवली. "हात सुजणार. मग ही निघणार नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सुमन, घड्याळात किती वाजलेत? लक्षात ठेव, डॉक्टर विचारतील. आणि तुझी फूटपट्टी आण." दहा पंचावन्न झाले होते. माझी लाकडी फूटपट्टी तिनं बाबांच्या हाताखाली ठेवली आणि आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीनं सैलसर गुंडाळली.

भिवाभाऊ पान घेऊन खाली आला तोवर त्याला नवं सुचलं होतं. "वयनी, भायखळ्याक बुवा आसा. आपल्याच बाजूचो. इख उतरवता. टॅक्सीन धा मिनटां." आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. त्या बुवाचं नाव आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. आईच्या माहेरच्या एका माणसाला त्यानं म्हणे बरं केलं होतं.

"बुवाकडची माणसं आमच्याकडेच येतात," शेवंतामावशी म्हणाली. "फक्त उशिरा येतात." ती आवाज न चढवता बोलली. मग आईकडे बघून तिनं बोलणं थांबवलं. ठरवायचं आईला होतं.

आईनं भिवाभाऊकडे बघितलं. तो आमच्या गावचा, आमच्या जातीचा, अडीअडचणीला धावणारा. मग बाबांकडे बघितलं. बाबा अंगठ्याकडे टक लावून बसले होते, कपाळावर घाम आला होता. आई म्हणाली, "शेवंताबाई, तुम्ही चला आमच्यासोबत." सहा महिन्यांत मावशीशी बोललेले तिचे ते पहिले शब्द.

"चला. पण त्यांना चालवायचं नाही. खुर्ची आणा." बाबांना खुर्चीत बसवून चौघांनी उचलून रस्त्यापर्यंत नेलं. भिवाभाऊनं तेवढ्यात साप बिस्किटाच्या डब्यात घालायची तयारी चालवली होती, डॉक्टरला दाखवायला. "ठेव तिथंच," मावशी ओरडली. तेवढी एकदाच ओरडली ती. "आणखी एकाला चावायला हवाय का? डॉक्टर माणसाकडे बघून ओळखतात."

टॅक्सीत मागं बाबा मध्ये, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मी. मावशी पुढं बसली, तोंड मागं करून. "हा हात हलू द्यायचा नाही, सुमन. तुझं एवढंच काम." मी तो हात मांडीवर धरून बसले. आमच्या चाळीपासून परळ किती, एरवी चालत जावं इतकं. त्या दिवशी लालबागच्या नाक्यावर ट्रक अडकला होता आणि टॅक्सीवाला हॉर्न वाजवून थकला. शेवटी तो खाली उतरून हातवारे करत वाट करायला लागला. तेवढ्यात बाबा मला म्हणाले, "सुमन, माका सगळा दोन दोन दिसता." मी मावशीकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "दिसू दे," ती म्हणाली. "डोळे मिटून बसा, शांतारामभाऊ. श्वास सावकाश घ्या. आलंच हॉस्पिटल." बाबांचा अंगठा तोवर निळसर होऊन टम्म फुगला होता. त्यांच्या पापण्या खाली येत होत्या आणि त्यांना त्या उचलता येत नव्हत्या.

इथं थोडं आजचं सांगते. ती चाळ पाडून तिथं टॉवर झाला, त्यात सतराव्या मजल्यावर आता मी राहते. मागच्या वर्षी खाली पार्किंगमध्ये साप निघाला. मी लिफ्टमधून उतरले तर सात-आठ जण त्याच्याभोवती कोंडाळं करून मोबाइलवर शूटिंग करत होते, आणि वॉचमन झाडूचा दांडा उलटा धरून उभा. मी नोकरी सरकारी कचेरीत टायपिस्टची केली, मोठ्यानं बोलायची मला सवय नाही. पण त्या दिवशी मी इतक्या जोरात ओरडले की सगळे मागं झाले. सापापासून वाचायला फार काही लागत नाही. थांबायचं, सावकाश मागं यायचं, त्याची वाट सोडायची, लांबून नजर ठेवायची आणि सर्पमित्राला फोन करायचा. एवढं पुरतं. तो येईपर्यंत वीस मिनिटं आम्ही लांब उभे राहिलो. धामण निघाली, बिनविषारी. एक तरुण शेजारी हसून म्हणाला, "काकू, तुम्ही उगाच टेन्शन घेतलं."

हॉस्पिटलमध्ये मावशीला सगळे ओळखत होते. तिनं स्ट्रेचर मागवलं, केस पेपरची वाट न बघता आत नेलं. डॉक्टरबाई अगदी तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "किती वाजता चावला?" मी सांगितलं, दहा पंचावन्न. "काही बांधलं? कापलं?" मावशी म्हणाली, "काही नाही." डॉक्टरबाईंनी मान हलवली आणि सलाईनमधून औषध सुरू केलं. पण विष पुढं गेलं होतं. बाराच्या सुमाराला बाबांना थुंकी गिळता येईना. थोड्या वेळानं छाती हलायची थांबली. त्यांच्या घशात नळी घातली. श्वासाचं मशीन दुसऱ्या पेशंटला लागलेलं होतं, म्हणून नळीला रबराचा फुगा जोडला आणि डॉक्टरबाईंनी तो आईच्या हातात दिला. "दाबायचा, सोडायचा. मनात तीन मोजायचे, पुन्हा दाबायचा. थांबायचं नाही. मशीन मोकळं होईपर्यंत किंवा ते स्वतः श्वास घेईपर्यंत."

आईनं फुगा दाबला आणि बाबांची छाती वर आली. तिनं सोडला आणि छाती खाली गेली. तिला तेव्हा काय वाटलं असेल ते मी तिला कधी विचारू शकले नाही. आमच्या तिघींच्या पाळ्या लागल्या. आई, मग मी, मग मावशी. तीन वाजता मावशी दुसऱ्या पाळीची सही करायला गेली आणि तेव्हापासून ती तिच्या वॉर्डातली कामं उरकून मधून मधून धावत येऊ लागली. मी दाबायचे तेव्हा मोठ्यानं मोजायचे, कारण मनात मोजताना मला भीती वाटायची की आकडा हरवेल. आईच्या मिरचीनं सोललेल्या तळव्यांना रबर घासून फोड आले होते. तरी माझी पाळी आली की ती फुगा सोडायला दोन-तीन श्वास जास्त लावायची.

चार वाजता असेल. आई दाबत होती, मी खाली भिंतीला टेकून बसले होते. मावशी येऊन आईशेजारी उभी राहिली. आई मान खाली घालूनच म्हणाली, "शेवंताबाई, त्या दिवशी नळावर मी..."

"मोजा," मावशी म्हणाली. "आकडा चुकेल."

आई मोजू लागली. आज इतकी वर्षं मी त्या तीन शब्दांवर विचार करते आहे. मावशीनं आईला अवघड बोलण्यातून सोडवलं, की तिला ते ऐकून घ्यायचंच नव्हतं? दोन्हीही असेल. तिला तसा पूर्ण हक्क होता. एवढं खरं की तिनं पुढं होऊन आईच्या हातावर हात ठेवला, फुगा आपल्याकडे घेतला आणि म्हणाली, "जा, जरा पाणी पिऊन या." आई गेली नाही. तिथंच उभी राहिली.

दिवेलागणीच्या आधी, मी दाबत असताना, फुगा माझ्या बोटांत आपोआप हलला. मी दाबलेला नसताना हलला. मी घाबरून किंचाळले. डॉक्टरबाई धावत आल्या, छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि मला म्हणाल्या, "आता त्यांच्या बरोबरीनं दाब. ते मदत करतायत तुला." दुसऱ्या दिवशी सकाळी नळी काढली. बाबांचा पहिला प्रश्न, घोगऱ्या आवाजात, "साप खंय गेलो?" आई म्हणाली, "मेलो." बाबांनी डोळे मिटून घेतले.

पुढं महिनाभरानं कळलं की डोळे मिटलेले असताना बाबांना सगळं ऐकू येत होतं. हात हलत नव्हता, पापणी हलत नव्हती, पण माझं मोजणं, आईचं अर्धवट राहिलेलं वाक्य, शेजारच्या पेशंटचं कण्हणं, सगळं. "वाटायचा सांगूचा, मी जित्तो आसंय. पण सांगतलंय कशान?" एवढंच ते म्हणाले, आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. अंगठ्याचं मांस सडलं आणि पेरापासून वरचा भाग काढावा लागला. आई बदलली, असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. एकदम तसं झालं नाही. ती शेवंतामावशीशी बोलू लागली, सणाला तिच्या घरी करंज्या पाठवू लागली, पण तिच्या घरचं पहिलं पाणी प्यायला आईला आणखी दोन वर्षं लागली. मावशीनं त्या दोन वर्षांत आईला कधी पाणी विचारलं नाही. आईनंच एका दुपारी तिच्या दारात बसून मागितलं.

बाबांना चावल्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा साप निघाला. उंदीर होतेच, गवत होतंच. या वेळी तो सगळ्यांच्या समोर, चाळीच्या बोळात, भर दुपारी, भिंतीच्या कडेनं निघाला होता. नागच होता. क्षणात माणसं जमली, काठ्या आल्या. भिवाभाऊ लोखंडी पाइप घेऊन उतरला. बाबा वट्ट्यावरून उठले आणि लोक आपसूक बाजूला झाले, वाटलं असेल आता ते मारणार. बाबा सापाच्या जवळ गेले नाहीत. ते लोकांच्या समोर, सापाकडे पाठ होणार नाही असे तिरके उभे राहिले आणि दोन्ही हात पसरले. "कोण पुढे येव नुको," ते म्हणाले. "पोरांक घरात घ्या. दारां लावा."

साप थबकला होता. त्यानं अर्धा फणा काढला, बराच वेळ तसाच धरला. वरच्या गॅलरीतून कोणीतरी हसून ओरडलं, "काय शांताराम, एकदा चावला तर एवढे घाबरले?"

बाबांनी वर बघितलं नाही. त्यांची नजर सापावर होती. पसरलेल्या उजव्या हाताचा अर्धा अंगठा मला माझ्या दारातून दिसत होता. माझे बाबा इतक्या लोकांदेखत इतक्या मोठ्यानं बोललेले मी त्याआधी ऐकले नव्हते.

"होय, भियालंय," ते म्हणाले. "तुमी पण भिया."

साप भिंतीखालच्या फटीत पूर्ण जाईपर्यंत त्यांनी हात खाली घेतले नाहीत.